ओढे आटू द्या

संपादक महोदय,

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या ओढ्यांत परके जलचर पसरले की सगळा राग फिशटँक ओढ्यात रिकामा करणाऱ्यांवर निघतो. चूक त्यांची आहेच. पण सोडलेला प्राणी तिथे टिकतो कसा, हे कोणी विचारत नाही.

तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळ्यात बरेच ओढे आटतात. स्थानिक भेकांची पिल्ले दोन-तीन महिन्यांत पाण्याबाहेर पडतात. पूर्व अमेरिकेतून आणलेल्या बुलफ्रॉग या मोठ्या बेडकाच्या पिल्लांना मात्र अनेकदा वर्षाहून जास्त काळ पाणी लागते. हिरवळींवरून वाहणारे आणि सांडपाणी प्रकल्पातून सोडलेले पाणी ओढा बारमाही करते, आणि बुलफ्रॉगची सोय होते.

लाल क्रेफिश हा झिंग्यासारखा दुसरा परका जलचर न्यूटची (पालीसारख्या दिसणाऱ्या स्थानिक उभयचराची) विषारी अंडीसुद्धा खातो. तो पिंजऱ्यात सापडतो, पण मोठेच जास्त अडकतात. लहान मागे उरतात आणि एकेक मादी शेकडो अंडी घालते. त्यामुळे थोडे दिवस पिंजरे लावून थांबले तर सगळी मेहनत वाया जाते. जोरदार पुराने बरेच क्रेफिश वाहून जातात, तेव्हा लगेच काम सुरू करून ते चालूच ठेवावे. पिंजऱ्याचा वरचा भाग पाण्याबाहेर हवा, नाहीतर अडकलेले न्यूट आणि कासवे गुदमरतात. वन्यजीव विभागाच्या परवानगीशिवाय यात कोणी पडू नये.

न्यूझीलंडची चिखलगोगलगाय जेमतेम ४ ते ६ मिलिमीटरची. नराशिवाय पिल्ले होतात, म्हणून एक मादी पुरते. ती बुटांच्या लेसमध्ये आणि फेल्टच्या (नमद्यासारख्या कापडाच्या) तळव्यात अडकते, कवचाचे झाकण मिटून ओलाव्यात कित्येक दिवस जगते. ओढ्याकाठीच ब्रशने चिखल झाडावा, फेल्टऐवजी रबरी तळवे वापरावेत आणि घरी बूट किमान ६ तास फ्रीझरमध्ये ठेवावेत. नुसते विसळून ओले बूट पिशवीत कोंबणे ही नेहमी होणारी आणि सर्वांत महागात पडणारी चूक.

ज्यांच्या जागेत कृत्रिम तळी आहेत त्यांनी ती उन्हाळ्याअखेर उपसून काही आठवडे पूर्ण कोरडी ठेवावीत. बुलफ्रॉगची पिल्ले त्याने संपतात. आफ्रिकी नखवाला बेडूक मात्र चिखलात दडून तग धरतो, त्यामुळे तो जिथे आहे तिथे नुसता उपसा पुरत नाही. उपसलेले पाणी ओढ्यात न सोडता जमिनीत मुरू द्यावे.

– ओढ्यांच्या पाहणीचे काम करणारे काही वाचक