डॉक्टर मॅडम, तुम्ही बाबांची कॅलेंडरं बघितलीत

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, विचारल्याशिवाय लिहिणं बरं नाही. पण २०२३ च्या पावसाळ्यात पुण्यातल्या तुमच्या ओपीडीत ज्या काकांनी कापडी पिशवीतून सहा वर्षांची भिंतीवरची कॅलेंडरं काढून तुमच्या टेबलावर ठेवली, त्यांची मी मुलगी. बाहेर एवढी रांग असते तुमच्या, लक्षात असेल-नसेल, आम्ही मात्र तो दिवस विसरणार नाही.

काल बाबांचा रिपोर्ट आला. तुमच्याकडे आलो तेव्हा हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, ४ कोटींच्या वर होता, तो आता टेस्टमध्ये सापडतच नाहीये. मी लॅबच्या जिन्यात उभी राहून तीनदा वाचला आणि मग खालीच बसले.

आधीचं थोडं सांगते कारण ते मनातून जात नाही. २०१७ पासून बाबा दुसरीकडे दाखवत होते, तिथे लॅमिव्ह्युडिन नावाची विषाणू दाबणारी गोळी चालू केली, सुरुवातीला रिपोर्ट छान आले आणि २०२१ मध्ये एसजीपीटी, म्हणजे यकृताला त्रास होतोय हे दाखवणारा रक्तातला आकडा, परत चढायला लागलं. तेव्हापासून दर वेळी एकच वाक्य, "तुम्ही गोळ्या चुकवताय." बाबा सांगायचे नाही हो, रोज घेतो, तर समोरून हसायचे. एकदा तर माझ्यासमोर म्हणाले की सगळे पेशंट असंच सांगतात. पुढे पुढे घरच्यांनाही शंका यायला लागली, आई पाकिटातल्या गोळ्या मोजायला लागली, आणि मी सुद्धा एकदा बाबांवर ओरडले, ते मला आयुष्यभर बोचणार आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ सालीच लिहून ठेवलंय की या आजारात सुरुवातीलाच लॅमिव्ह्युडिन देऊ नका, कारण त्याला दाद न देणारा विषाणू लवकर तयार होतो, पाच वर्षांत जवळपास ७० टक्के पेशंटमध्ये. म्हणजे हे माहीत असायला हवं होतं कोणाला? छापखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला की डिग्री भिंतीवर लावलेल्या माणसाला?

तर ती कॅलेंडरं. बाबा रात्री गोळी घेतली की तारखेवर निळ्या पेनानं बरोबरची खूण करायचे. आधीच्या ठिकाणी पण ती घेऊन गेले होते, तिथे कोणी हात सुद्धा लावला नाही. तुम्ही लावलात. एकेक महिना उलटत गेलात, बाहेर नंबरवरून भांडणं चालू होती तरी, आणि एका पानावर थांबून विचारलंत, "काका, या १४ तारखेला खूण नाहीये." बाबांची मान खाली गेली. म्हणाले, त्या दिवशी माझी मोठी बहीण गेली, वैकुंठ स्मशानभूमीतून घरी यायला रात्र झाली, गोळी दुसऱ्या दिवशी सकाळी घेतली. तुम्ही कॅलेंडर मिटून दोन्ही हातांनी त्यांच्याकडे दिलंत आणि म्हणालात, "एका दिवसानं असं होत नाही काका. तुमचं काही चुकलेलं नाही."

मग बाबांना विचारलंत काय करायचात, ते म्हणाले प्रुफं तपासायचो, नारायण पेठेत, ३१ वर्षं. तुम्ही लगेच तोच धागा धरलात. म्हणालात, या विषाणूचा सगळा जनुकीय मजकूर साधारण ३२०० अक्षरांचा, आणि अंगात रोज अब्जावधी प्रती निघतात, पण प्रूफ तपासणारं कोणीच नसतं, त्यामुळे चुका तशाच छापल्या जातात. एकाच माणसाच्या रक्तात थोड्या थोड्या फरकाचे विषाणू शेजारी शेजारी असतात. औषध चालू केलं की मूळचा दबतो आणि ज्याच्यात नेमकी औषधाच्या जागेवरची चूक झालीये तो मोकळा वाढतो. बाबांच्या जीनोटाइपच्या, म्हणजे विषाणूच्या उपप्रकाराच्या, रिपोर्टमध्ये डी आला, आपल्याकडे ए आणि डी हेच जास्त सापडतात, आणि खाली विषाणूच्या प्रथिनात २०४ नंबरच्या जागेवर मेथिओनिन या घटकाऐवजी आयसोल्युसिन हा दुसराच घटक. एका अक्षराचा फरक, आणि तेवढ्यानं गोळी तिथे नीट बसेना. बाबा तो रिपोर्ट चष्मा कपाळावर चढवून कितीतरी वेळ बघत बसले आणि म्हणाले, "एक अक्षर होतं गं."

टेनोफोव्हिर हे दुसरं औषध तुम्ही दिलंत, सरकारी योजनेतून फुकट मिळतंय, घरच्या सगळ्यांच्या टेस्ट आणि लशीचे तीन डोस तुम्ही मागे लागून करून घेतलेत, त्या सगळ्यासाठी आभार आहेतच. पण बाबांना बरं केलं ते केस पेपरवरच्या ओळीनं. बाकी सगळं इंग्रजीत आणि मध्येच मराठीत लिहिलंत, "रुग्णाने औषध नियमित घेतले आहे. विषाणू बदलला आहे." बाबांनी त्याची झेरॉक्स काढून आईला दिली, मला दिली, आणि एक काकाला, जो जेवायला बसला की बाबांचं ताट वेगळं ठेवायचा. एकत्र जेवल्यानं हा आजार होत नाही हे सुद्धा तुम्हीच काकाला फोनवर सांगितलंत, तुमच्या जेवणाच्या सुट्टीत. असं कोण करतं हो? समोरच्याचं खरं मानून चालणं, त्याचं पान उलटून बघणं, याला ना मशीन लागतं ना पैसा, आणि तरी ते मिळायला आम्हाला सहा वर्षं लागली.

पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे. बाबांनी या वर्षीचं कॅलेंडर आत्ताच पिशवीत घालून ठेवलंय, मग रोज रात्री खूण करायला परत काढतात. मी म्हटलं आता कशाला न्यायचं, त्या काही मागणार नाहीत. तर म्हणाले, मागणार नाहीत म्हणूनच न्यायचं.

तुमची,
कॅलेंडरवाल्या काकांची मुलगी