तिसऱ्याचे ‘आठ टक्के’ कसे वाचावेत?

संपादक महोदय,

निवडणूक लागली की जनमत चाचण्यांच्या चौकटी छापून येतात आणि तिसऱ्या उमेदवारापुढचा आकडा बघून कट्ट्यावर पैजा लागतात. हा आकडा कुठे फसवतो, ते अमेरिकेतल्या लिबर्टेरियन पक्षाकडे बघून नीट कळते. सरकारने खिशातही हात घालू नये आणि घरातही डोकावू नये, असे म्हणणारा हा पक्ष. आपल्याकडे राजाजींचा स्वतंत्र पक्ष आणि शरद जोशींचा स्वतंत्र भारत पक्ष, निदान आर्थिक धोरणात, त्याच वाटेचे.

२०१६ च्या उन्हाळ्यात या पक्षाचे गॅरी जॉन्सन चाचण्यांत आठ-नऊ टक्क्यांवर होते. अध्यक्षीय डिबेटसाठी पाच चाचण्यांची सरासरी १५ टक्के लागायची, ती काही गाठली नाही. नोव्हेंबरात प्रत्यक्ष मते पडली सव्वातीन टक्के. ज्या न्यू मेक्सिकोचे ते दोनदा गव्हर्नर होते, तिथेही नऊच्या थोडे वर.

ही घसरण चूकमर्यादेच्या (मोजक्याच लोकांना विचारल्याने आकडा जितका इकडे-तिकडे सरकू शकतो, तिच्या) माथी मारता येत नाही. हजार जणांच्या चाचणीखाली ‘± ३ टक्के’ लिहितात, ती मर्यादा पन्नासच्या आसपास असलेल्या उमेदवाराची. आठ टक्केवाल्याची येते जेमतेम पावणेदोन. म्हणजे आकडा सव्वासहापर्यंत उतरला तर समजू शकते, सव्वातीनपर्यंत नाही. बाकीचे घडते ते प्रश्नामुळे आणि वेळेमुळे. दोन्ही मोठ्या उमेदवारांवर चिडलेला माणूस चार महिने आधी तिसऱ्याचे नाव सांगून मोकळा होतो. त्यात त्याचे काही जात नाही. नावे वाचून दाखवली की आकडा फुगतो, ‘मत कोणाला?’ एवढेच विचारले की उतरतो. आणि ‘अजून ठरवले नाही’ म्हणणारे २० टक्के वगळून बेरीज शंभर केली, की सहाचे साडेसात होतात! हा हिशेब चौकटीत क्वचितच दिसतो.

टक्के बरोबर आले तरी जागा वेगळीच गोष्ट. स्वतंत्र पक्षाला १९६७ मध्ये पावणेनऊ टक्क्यांच्या आतच मते होती, पण ती गुजरात, राजस्थान, ओडिशात गठ्ठ्याने पडली म्हणून ४४ खासदार आले. जॉन्सन यांची मते देशभर पातळ पसरलेली, त्यामुळे, तिथे निकाल राज्यवार लागत असल्याने, एकही राज्य हाती लागले नाही.

आपल्या दारातले हातकणंगले घ्या. २०२४ मध्ये धैर्यशील माने १३,४२६ मतांनी जिंकले आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या राजू शेट्टींना १,७९,८५० मते होती. जिंकणारा आणि हरणारा यांच्यात अंतर साधारण एक टक्का. प्रत्येकाच्या आकड्यात एक टक्क्याची चूकमर्यादा हवी असेल तर या एका मतदारसंघात नऊ-साडेनऊ हजार माणसे गाठावी लागतात, आणि दोघांमधल्या फरकातली चूक जवळपास दुप्पट असते. पुन्हा इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार, शिरोळचा ऊसवाला, शाहूवाडी-शिराळ्याचा डोंगरी मतदार यांचे मत एकाच मापाने मोजता येत नाही. सोपे म्हणून शहरातच जास्त फॉर्म भरले, तर नंतर भारांक लावून (कमी गाठलेल्या गटाची मते जास्त वजनाने मोजून) प्रमाण दुरुस्त होते. पण डोंगरात विचारलेली पन्नासच माणसे असतील तर ती पन्नासच राहतात.

‘तिसऱ्याने मते खाल्ली’ हेही जपून बोलावे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात २०२० मध्ये बायडेन ११,७७९ मतांनी पुढे होते आणि लिबर्टेरियन जो जॉर्गेन्सन यांना ६२ हजारांवर मते पडली. त्या नसत्या तर यातले बरेच जण मतदानालाच गेले नसते, हे कोणी मोजत नाही.

तेव्हा चौकट छापताना चार ओळी वाढवाव्यात: मुलाखतींच्या तारखा, प्रश्नाचे नेमके शब्द, न ठरवलेल्यांचे काय केले, आणि मतदारसंघवार किती माणसे विचारली.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर