वैशूस पत्र

चि. वैशूस अनेक आशीर्वाद.

परवा मामा येऊन गेला. चहा यायच्या आधीच सुरू झाला, "खुल्या वर्गाला ३८ वर्षांपर्यंत राज्यसेवेला बसता येतं. पोरीनं एवढ्यात पुणं सोडायला नको होतं. झेडपीची मास्तरीणच व्हायचं होतं, तर सदाशिव पेठेत खोलीभाडं कशाला भरलं?" मी काही बोलले नाही. अण्णा उठून रानात गेले. तू निघालीस त्या दिवशी जी बोलाचाली झाली, तेव्हापासून ते हा विषयच काढत नाहीत.

मामाचं मला काही वाटत नाही. मला एकच विचारायचंय. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरताना अमरावती तू मनानं वर टाकलीस ना? का वेशीत दुसऱ्याच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला आणि गावाला तोंड दाखवायला नको म्हणून लांब गेलीस? परतवाडा सोडला की सेमाडोह, हरिसालचा तो जंगलातला रस्ता, वर पावसाळा. राहू दे. हे विचारायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसले होते.

फोनवर सांगत होतीस, पहिलीच्या पोरांना मराठी समजत नाही, घरी सगळं कोरकूच, म्हणून आधी तूच त्यांच्याकडून शब्द शिकतेस. किती बोललीस त्या दिवशी! पूर्वपरीक्षा पास झालीस तेव्हासुद्धा एवढी बोलली नव्हतीस. मला आपल्या सालगड्याचा बाळू आठवला. तू चौथीत. गोठ्याच्या पांढऱ्या भिंतीवर कोळशानं त्याला बाराखडी शिकवायचीस. त्याला 'ळ' जमला तेव्हा मळणी सोडून पळत आली होतीस मला सांगायला, पायांत चप्पल नाही. भिंत काळी केली म्हणून अण्णा रागावले, तरी तू पुसू दिली नाहीस.

आपण मंगळवेढ्याची माणसं. दामाजीपंतांची गोष्ट सांगताना सगळे विठ्ठल महाराचं रूप घेऊन आला आणि धान्याचे पैसे भरून गेला, तिथंच रमतात. पण कोठार उघडलं तेव्हा पंतांना ते कुठं ठाऊक होतं? पुढ्यात भुकेली माणसं होती आणि डोक्यावर बादशहा. शाबासकी कुणाची मिळेल हे बघत बसले असते तर कुलूप तसंच राहिलं असतं. तुझ्या कामाचा फ्लेक्स कुणी लावणार नाही, वैशू. मामा मरेपर्यंत "उपजिल्हाधिकारी झाली असती" म्हणत राहील. पाड्यावरचं पोर वाचायला लागलं हे कळणारी तू एकटीच असशील, आणि तेवढं तुला पुरलं पाहिजे. नाही पुरलं तर...

बघ, कीर्तनच लावलं मी. रागावू नकोस. तुला शिकवण्याएवढी मी शिकलेली नाही.

अण्णांनी काल कंडक्टरला गाठून बडनेऱ्याहून पुढं कसं जायचं ते विचारून घेतलं. मला सांगितलं नाही, शेजारच्या काकूंकडून कळलं. मालदांडीचं पीठ आणि शेंगाचटणी पाठवतेय. पाणी उकळूनच पी. रेंज शोधत संध्याकाळी एकटी टेकडीवर जाऊ नकोस, फोन नाही आला तर मी समजून घेईन.

आणि तुझं मन लागलंय का, ते लिही. मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. खरं असेल ते लिही. नसेल लागत तर तसं लिही, अण्णांना मी बघून घेते.

तुझी,
आई