अश्वे, मॉडेल बनवायच्या आधी हे वाच

प्रिय अश्वे,

तुझा मेसेज वाचला, डोळे तपासणीच्या कॅम्पवरून यायला उशीर झाला म्हणून लगेच रिप्लाय दिला नाही, आणि एवढं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर टाईप करण्यापेक्षा सरळ पत्रच लिहावं म्हणलं. तू शुगरमुळे होणाऱ्या डोळ्याच्या आजारावर डीप लर्निंगचा, म्हणजे ढीगभर फोटो दाखवून कॉम्प्युटरला आजार ओळखायला शिकवायचा, प्रोजेक्ट घ्यायलीस हे ऐकून इतकं भारी वाटलं की घरात सगळ्यांना सांगून झालं. मी रोज लोकांच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचे, म्हणजे रेटिनाचे, फोटो काढते आणि आता तू तसल्याच फोटोंवर काम करणार!

आणि डेटा पण कुठला घेतलास, तर आपल्या नांदेडचा. आयड्रिड या फोटोसंग्रहातले ते ५१६ फोटो नांदेडच्याच एका डोळ्यांच्या दवाखान्यात काढलेत, विष्णुपुरीच्या एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेजच्या लोकांनी ते नीट लावून २०१८ मध्ये जगासाठी खुले केले, त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या कॉन्फरन्समध्ये त्यावर स्पर्धाही झाली. त्यातल्या ८१ फोटोंवर तर एकेक डाग पिक्सेलपर्यंत आखलेला आहे. हे काम किती किचकट असतं ते मला विचार. आपल्या गावातून हे झालंय याचा मला खरंच अभिमान आहे.

आता आजाराबद्दल थोडं सांगते, कारण तुला कोड येतं पण डोळा आतून कसा दिसतो ते माहीत नसणार. बरीच वर्षं शुगर जास्त राहिली की पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात, त्यांना फुगीर लाल ठिपके येतात, त्यालाच आम्ही मायक्रोअ‍ॅन्युरिझम म्हणतो, मग रक्त झिरपतं, चरबीचे पिवळे डाग साचतात, आणि पुढे रक्तपुरवठा कमी पडला की नव्या नाजूक वाहिन्या उगवतात, त्या फुटल्या की एका दिवसात डोळ्यापुढे अंधार. आणि यातलं सगळ्यात वाईट काय माहितीये, सुरुवातीच्या पायऱ्यांवर माणसाला काहीच कळत नाही. दुखत नाही, लाल होत नाही, पेपर वाचता येतो. नजर धूसर झाल्यावर लोक येतात, तेही मोतीबिंदू असंल म्हणून, आणि पडदा बघितला तर आत रक्त. तोवर जे गेलं ते बहुतेक वेळा पूर्ण परत येत नाही. तेच आधी सापडलं असतं तर शुगर-बीपी सांभाळून, लेझर करून, डोळ्यात इंजेक्शन देऊन बहुतेकांची नजर राखता येते. म्हणून तर मला तुझ्या प्रोजेक्टची एवढी तळमळ आहे.

देशात शुगरचे पेशंट किती, तर आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासात १० कोटींच्या वर आकडा आला. या प्रत्येकाच्या पडद्याची वर्षातून एकदा तपासणी व्हायला पाहिजे, आणि रेटिनाचे डॉक्टर बसलेत मोठ्या शहरांत. सगळ्यांना डॉक्टरसमोर बसवणं जमणारच नाही, फोटो काढणारी माझ्यासारखी माणसं आणि फोटो चाळणारं मशीन हाच मार्ग दिसतो मला. आणि मशीनला ते जमतं हे सिद्ध झालेलं आहे. २०१६ मध्ये गुगलच्या टीमने १,२८,१७५ फोटोंवर शिकवलेलं मॉडेल छापून आलं, ५४ डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते फोटो तपासले होते, एकेक फोटो तीन ते सात वेळा. त्यात अमेरिकेतले फोटो होते तसेच अरविंद, शंकर नेत्रालय आणि नारायण नेत्रालय या आपल्याकडच्या हॉस्पिटलांचेही होते.

पण तू लिहिलंस ना की अ‍ॅक्युरसी चांगली आली, म्हणजे एकूण उत्तरांपैकी बरीच बरोबर आली, तिथं मी थांबले. अगं अ‍ॅक्युरसीवर जाऊ नकोस. कॅगल या डेटा-स्पर्धांच्या वेबसाईटवरची याच आजाराच्या फोटोंची २०१५ ची ती मोठी स्पर्धा आठव, ३५,१२६ फोटोंपैकी २५,८१० फोटोंत आजारच नव्हता. म्हणजे डोळे झाकून सगळ्यांना "नॉर्मल" म्हणणाऱ्या मॉडेललाही तिथं ७३ टक्के मिळतात, आणि आजारी माणूस एकही सापडलेला नसतो! मला सांगताना सेन्सिटिव्हिटी (आजारी माणसांतले किती पकडले) आणि स्पेसिफिसिटी (आजार नसलेल्यांतले किती बरोबर सोडले) वेगवेगळी सांग. शिवाय एकाच पेशंटचा डावा डोळा ट्रेनिंगमध्ये आणि उजवा टेस्टमध्ये असं झालं असंल तर तो निकाल धरूच नकोस, मॉडेलने तो माणूस आधीच बघितलेला असतो. आणि अजून एक, आयड्रिडचे फोटो ४२८८ बाय २८४८ पिक्सेलचे आहेत, ते तू लहान करून २९९ पिक्सेलवर आणलेस तर ते लाल ठिपके, जे आधीच इवलेसे असतात, पार पुसले जातात. गुगलवाल्यांनी पहिलं मॉडेल २९९ वरच केलं होतं, पण त्यांच्याकडे लाखाच्या वर फोटो होते, आणि नंतर त्यांनीही ७७९ वर नेलं. तुझ्याकडे पाचशेच आहेत, म्हणून आखलेल्या ८१ फोटोंचा नीट वापर कर, फोटो लहान न करता त्यांचे तुकडे करून शिकव.

आता माझ्या बाजूचं सांगते, आणि हेच मला मनापासून सांगायचं होतं. नांदेडच्या त्या फोटोंसाठी थेंब टाकून बाहुली मोठी केली होती, कॅमेरा टेबलावरचा, खोली दवाखान्याची. माझे फोटो तसे नसतात. आम्ही शाळेच्या वर्गात खिडकीला चादर लावून अंधार करतो, म्हाताऱ्या माणसांच्या बाहुल्या बारीक, निम्म्यांना मोतीबिंदू, आजी हनुवटी टेकवून बसतात आणि फ्लॅश पडायच्या क्षणी डोळे मिटतात. अशा धूसर फोटोला तुझ्या मॉडेलने "नॉर्मल" म्हणलं तर ती बाई निर्धास्त होऊन घरी जाणार. म्हणून "फोटो नीट नाही, परत काढा" हे मॉडेलचं स्वतंत्र उत्तर असलंच पाहिजे, आणि ते पेशंट खुर्चीत असतानाच आलं पाहिजे. थायलंडमध्ये गुगलनेच ११ क्लिनिकमध्ये हे वापरून बघितलं, २०२० मध्ये त्यावर पेपर आला, तिथं १,८३८ पैकी २१ टक्के फोटो सिस्टिमने नाकारले. अंधारी खोली नव्हती, इंटरनेट हळू होतं, आणि फोटो नाकारला की पेशंटला दुसऱ्या हॉस्पिटलला पाठवायचं असा नियम, त्यात नर्स आणि पेशंट दोघंही वैतागले. लॅबमधलं तेच मॉडेल होतं बरं का ते.

याच्या उलट मुंबईचं बघ. महापालिकेच्या दवाखान्यांत आरोग्यसेविकेने फोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने फोटो काढले, मॉडेल त्याच फोनमध्ये, इंटरनेट लागतच नाही, डोळ्यांचे डॉक्टर नटराजन यांच्या टीमने २०१९ मध्ये ते छापलं. २१३ जणांच्या फोटोंमध्ये डॉक्टरकडे पाठवण्यासारखे जेवढे होते तेवढे सगळे सापडले, स्पेसिफिसिटी ८८.४ टक्के. पेशंट कमी होते, पण साखर तपासायला जिथं माणूस आधीच येतो तिथंच डोळा तपासला गेला, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. तू ऑफलाईनच कर. आमच्या गावांत नेटवर्क असतं आणि नसतं.

स्पेसिफिसिटी ८८ टक्के म्हणजे आजार नसलेल्या दर १०० माणसांतल्या ११-१२ जणांना आपण उगाच शहरात पाठवणार, एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, सोबतीला मुलगा. तरीपण चुकायचंच तर या बाजूला चुकलेलं मला चालेल, आजारी माणूस सुटलेला नाही चालणार. फक्त मॉडेलने "पाठवा" म्हणलेले फोटो त्याच दिवशी डॉक्टरांच्या नजरेखालून जातील अशी सोय ठेव, ती यादी आमच्या फोनवर दिसू दे, आणि पुढे तो माणूस हॉस्पिटलला पोचला की नाही याची खूण करायला एक रकाना ठेव. अ‍ॅपमध्ये हे कुणी बनवतच नाही, आणि आमची माणसं इथंच हरवतात.

आता घरचं. काकांची शुगर किती वर्षांपासून आहे ते मला माहीत आहे. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे पडदा तपासला असं होत नाही, त्यांना "मला चांगलं दिसतंय" म्हणू दे, तरी पडदा तपासायला घेऊन जा. थेंब टाकल्यावर तीन-चार तास धूसर दिसतं, म्हणून गाडी तू चालव.

माझे कॅम्पचे फोटो लोकांची परवानगी आणि आमच्या डॉक्टरांची सही घेतल्याशिवाय तुला देता येणार नाहीत, तो कागद मी या आठवड्यात सरांपुढे ठेवते. तोवर तू धूसर फोटो ओळखायचं काम सुरू कर, आयड्रिडचेच फोटो मुद्दाम पुसट करून बघ, आणि काय आलं ते कळव.

तुझीच,
रेखा