पाहुण्याचा डोळा, घरचं पंचांग

मालवण,
आषाढ वद्य

प्रिय मित्रा,

तुझा कॅमेरा आल्याचं कळलं. आधी खोक्याचा फोटो, मग लेन्सचा, मग पट्टा गळ्यात अडकवलेला तुझा, आणि सगळ्यात शेवटी प्रश्न: फिल्ममेकिंगचा कोर्स लावू का? फी किती ते लिहिलं नाहीस, म्हणजे दणदणीत असणार. थांब जरा. तेवढ्या पैशात दिवाळीनंतर इथे येऊन राहशील आणि सुरमई खाऊन वर उरतील.

इथे सध्या सगळंच बंद आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी, होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या, किल्ल्यावर जायची वाहतूक बंद, लग्नसराई संपलेली. स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढायला येतात तेवढेच. म्हणून लाइट असेल तेव्हा मी प्रवासाच्या डॉक्युमेंटऱ्या लावून बसतो. आईचं म्हणणं, ‘घरात बसान जग बघतस, जरा बाजारात जा बघया.’ पण मी त्या नुसत्या बघत नाही, शिवलेला सदरा उसवावा तशा उसवतो. त्याबद्दलच तुला लिहायचंय.

दहा मिनिटांचा एखादा तुकडा घ्यायचा आणि आवाज पूर्ण बंद करायचा. निवेदक गेला, बासरी गेली, की कॅमेरा कुठे उभा आहे, किती वेळ थांबलाय, तिथून कुठे गेला, हे दिसायला लागतं. लोकांच्या लग्नांच्या शूटिंगची आमची रीत तुला माहीत आहे. होमाजवळ ट्रायपॉड लावायचा आणि सप्तपदी होईस्तोवर हलायचं नाही, फार तर झूम. गिऱ्हाइकाला सगळे नातेवाईक दिसले पाहिजेत, पैसे त्याचेच मिळतात. प्रवासपटवाले तसं करत नाहीत. कुणी काही काम करत असेल तर ते आधी नुसते हात दाखवतात. मग चेहरा. मग दोन्ही मिळून, जरा लांबून. मग त्याच्या खांद्यावरून, त्याला स्वतःला दिसतं तसं. आणि एखादा शॉट भलत्याच जागेवरून. बातम्यांसाठी शूट करणाऱ्यांना शिकवतात ती पाच शॉटची पद्धत हीच. हात आधी आले की बघणाऱ्याला वाटतं, हा कोण? तेवढ्यात चेहरा येतो. हा साधा क्रम मोडून बघ, तेच काम एकदम कंटाळवाणं दिसायला लागतं.

इथल्या दांडीच्या किनाऱ्यावर हल्ली जाळी सांधायचं काम चाललेलं असतं. तिथे बसून मोबाइलवरच हे करून पाहिलं. चेहरा मुद्दाम उशिरा ठेवला होता, पण कॅमेरा वर गेल्याबरोबर जाळं सांधणारा म्हातारा म्हणाला, ‘माका काय बघतस, जाळ्याक बघ.’ शॉट कुठला हवा हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

प्रत्येक शॉट दहा सेकंद तरी धर, आणि तो धरलेला असताना पॅन नाही (कॅमेरा आडवा फिरवायचा नाही), झूम नाही. एडिटिंगला तीन-चार सेकंदच लागतात, पण ते कुठले हे आधी कळत नाही. बाकी सेटिंगचं फार मनावर घेऊ नकोस. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइटखाली १/६० ठेवलंस तर चित्र लुकलुकतं. दशावताराचं नाटक शूट करताना हे हमखास आठव. भर उन्हात वाळूवर १/५० ठेवलं की सगळं पांढरं पडतं, त्यासाठी एनडी फिल्टर घे, लेन्सपुढे लावायची उजेड कमी करणारी काळपट काच. झालं.

आता रापणीचं सांगतो, कारण तुला तीच शूट करायची आहे. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर. दोन टोळ्या ते दोर ओढतात आणि ओढता ओढता एकमेकींकडे सरकतात. एक डावीकडून, एक उजवीकडून. दोघींना जोडणारी किनाऱ्याला समांतर रेष मनात आख. तू जमिनीच्या बाजूने शूट करतोयस तोवर डावी टोळी डावीकडेच राहील. पण ओढणाऱ्यांची तोंडं समुद्राकडे असतात, जमिनीवरून त्यांच्या फक्त पाठी मिळतात. चेहऱ्यांसाठी तुला गुडघाभर पाण्यात उतरावं लागणार, आणि उतरलास की डावी टोळी उजवीकडे जाणार. दोन्ही शॉट लागोपाठ जोडलेस तर बघणाऱ्याला वाटेल टोळ्यांनी जागा बदलल्या. पुस्तकात ह्याला १८० अंशांचा नियम म्हणतात. मोठे लोक तो मोडतात, पण मध्ये काहीतरी ठेवून: दोरावरचे हात जवळून, किंवा रेषेवरच उभं राहून घेतलेला शॉट, ज्यात एक टोळी पुढे आणि दुसरी तिच्या मागे दिसते. तेवढ्याने डोळा दिशा विसरतो आणि मग तू खुशाल पाण्यातून शूट कर. आवाज बंद करून बघशील तेव्हा असे सांधे शोध.

रापण ‘पुन्हा एकदा’ होत नाही. रॉबर्ट फ्लाहर्टीने १९२२ च्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’मध्ये बर्फाच्या घरात उजेड येईना म्हणून अर्धंच घर बांधून घेतलं आणि त्यात त्या कुटुंबाला झोपायला लावलं. डॉक्युमेंटरीचा पाया घालणारा माणूस, आणि पायातच ही लबाडी. मला त्याचा राग येत नाही. त्या काळच्या कॅमेऱ्याला दुसरा इलाज नव्हता. पण आपल्या कॅमेऱ्याला काळोखातही दिसतं, त्यामुळे आपल्याला ती सबब नाही. रापणीवाल्यांना ‘जरा परत ओढा’ म्हणालास तर मी तुला ओळखत नाही. त्यापेक्षा एखादा दिवस कॅमेऱ्याशिवाय किनाऱ्यावर बस. काय कशानंतर होतं, माशांचे वाटे कुठे पडतात, बायका टोपल्या घेऊन कधी येतात, हे पाठ झालं की दुसऱ्या दिवशी तू त्या जागी आधीच उभा असशील.

लोक कॅमेऱ्यात बघतात त्याचं काय, असं तू विचारशीलच. लुई माल नावाचा फ्रेंच दिग्दर्शक १९६८ मध्ये एक कॅमेरामन आणि एक ध्वनिमुद्रक घेऊन भारतभर हिंडला आणि सात भागांची मालिका केली. लोक थेट लेन्सकडे टक लावून बघतात, आणि त्याने ते शॉट कापून टाकले नाहीत. उलट आपण इथे कोण म्हणून आलोय, असा प्रश्न स्वतःलाच विचारला. ती मालिका बीबीसीवर लागल्यावर आपलं सरकार इतकं चिडलं की १९७० मध्ये बीबीसीला दिल्लीतलं कार्यालय बंद करावं लागलं. त्याने इथली गरिबी दाखवली त्यावर वाद घालता येईल, मलाही काही ठिकाणी खटकतं. पण ते टक लावलेले डोळे मला खरे वाटतात. जेट्टीवरची पोरं लेन्समध्ये वाकून बघतील तर बघू दे.

दुसऱ्या फेरीला उलटं कर. पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐक. चांगल्या फिल्ममध्ये पुढच्या जागेचा आवाज चित्राच्या आधी येतो. अजून बसची खिडकी दिसत असते आणि बाजाराचा कलकलाट सुरू झालेला असतो. एडिटर ह्याला जे-कट म्हणतात. प्रवास झाला, पोचलो, हे सगळं त्या दोन सेकंदांत. आपल्या किनाऱ्यावर मात्र आवाज हे मोठं दुखणं आहे. समुद्राची गाज सतत असते, पण प्रत्येक शॉटमध्ये वेगळी. शॉट जोडलेस की लाट मध्येच तुटते आणि कान लगेच पकडतो. म्हणून कुणी बोलत नसताना नुसता समुद्र चार-पाच मिनिटं सलग रेकॉर्ड करून ठेव आणि सगळ्या शॉटखाली तोच अंथर. वाऱ्यासाठी माइकला केसाळ टोपी पाहिजेच. मुलाखत किनाऱ्यावर घेऊच नकोस. घराच्या पडवीत, मागच्या बाजूला घे. पाऊस असेल तर कौलांखाली. पत्र्याखाली बसलास तर पावसाशिवाय काही ऐकू येणार नाही.

मायकल पेलिन ह्या ब्रिटिश विनोदी नटाची ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणेची बीबीसीवरची मालिका १९८९ मध्ये आली. त्यात दुबईहून मुंबईला तो गुजराती खलाशांच्या गलबतातून येतो. आठवडाभर चारी बाजूंना पाणी, देखावा कसलाच नाही. कुठलाही शहाणा एडिटर तो प्रवास दोन मिनिटांत उरकेल. त्यांनी जवळजवळ अख्खा भाग त्याला दिला. गलबतावरचं जेवण, झोपायच्या जागा, खलाशांशी खाणाखुणांनी चाललेलं बोलणं. मालिकेतली एवढी शहरं बघून झाल्यावर लोकांच्या लक्षात तेच गलबत राहिलं. कोकणावरचे सध्याचे व्हिडिओ बघ आणि ह्याच्याशी ताडून पाहा. पहिला शॉट ड्रोनचा, देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथला. दुसरा शॉट ड्रोनचा. तिसऱ्यात सोलकढी स्लो मोशनमध्ये. आणि निवेदन: ‘निसर्गाचं वरदान लाभलेलं’. माणूस म्हणून जेवण वाढणारा हात, तोही मनगटापर्यंतच.

टाइमलॅप्सचं, म्हणजे तासांचं चित्र सेकंदांत पळवायचं, वेडही तसंच. सड्यावरून, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावरून, ढग पळताना दाखवले की नवीन काही केल्यासारखं वाटतं. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम घेत टिपली होती, आणि ते दाखवून पुढच्या चित्रपटासाठी भांडवल मिळवलं. वाटाण्याला काही सांगायचं होतं, ढगांना बहुतेक वेळा नसतं.

हे प्रवासपटवाले सगळे पाहुणे आहेत, एवढं मात्र बघताना विसरू नकोस. पाहुण्याचा डोळा आपण उसना घ्यायचा, कारण जन्मभर समोर असलेली जाळी मला तो उसना घेतल्यावरच दिसली. पण पाहुण्याला तिथी माहीत नसते. उजेडाच्या मागे तो धावतो, समुद्र मात्र त्याला हवा तसा मिळेलच असं नाही. आपल्याकडे साधा हिशेब आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुण, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीला सूर्य बुडताना पाणी पूर्ण चढलेलं असतं, किनारा चिंचोळा, उभं राहायलाही जागा कमी. आणि पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी उधाणाची ओहोटी, पाणी खूप आत गेलेलं, वाळू ओली आणि सपाट, सबंध आकाश तिच्यात उतरलेलं. ज्या फ्रेमसाठी लोक फिल्टर लावतात ती महिन्यातून दोनदा फुकट मिळते, फक्त कालनिर्णय बघायचं. दुसरं, एकच प्रसंग दोन-तीन तास शूट करायचा असेल तर पाण्याची रेघ सरकत राहणार. पहिल्या शॉटमध्ये होडी कोरड्यात आणि पुढच्या वाक्याला तिच्याभोवती लाटा, असं होऊ नये म्हणून रुंद शॉट आधी एकदम उरकून घे, जवळचे नंतर.

वाटेत एक दिवस राजापूरकडे काढू. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती आहे, सुमारे १८ मीटरचा. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. लोक दुपारी बाराला जातात आणि ‘काही दिसत नाही’ म्हणत परत येतात. दिसणारच नाही. ऊन डोक्यावर असताना खाचेत सावली पडत नाही. सकाळी सूर्य सड्याला टेकलेला असताना उजेड आडवा येतो आणि रेष न् रेष उठून दिसते. ड्रोन न्यायचाच असेल तर तिथे ने, कारण अख्खा हत्ती जमिनीवरून एका फ्रेममध्ये मावत नाही.

निवेदनाबद्दल मी बोलण्यापेक्षा तू पिंगुळीला चल. कुडाळजवळच आहे. तिथले ठाकर चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र समोर उभं करून रामायण-महाभारत सांगतात. परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ चा पद्मश्री ह्याच कलेसाठी मिळाला. मी ऐकताना एक पाहिलं, चित्रात राम उभा आहे हे सांगण्यात ते वेळ घालवत नाहीत. तो काय बोलला, समोरच्याने काय उत्तर दिलं, आधी काय घडून गेलं, हे गातात. चित्र तेच, आणि प्रत्येक ओळीला त्यात नवीन काहीतरी दिसायला लागतं. तुझं निवेदन लिहून झालं की चित्रात दिसणारं प्रत्येक वाक्य खोडून टाक. जे उरेल ते मला पाठव.

त्रिपुरी पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आधी पोचशील असं बघ. समुद्राची वेळ साधेल आणि जत्रांमधले दशावतारही सुरू झालेले असतील. माइकची टोपी, जादा कार्ड आणि चांगले हेडफोन तिकडूनच घे, इथे मिळत नाहीत. कोकणकन्या एक्सप्रेसचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि त्या सुमाराला बघता बघता संपतं, तेव्हा आठवण लावून ठेव. कुडाळला उतर, मी गाडी घेऊन येतो.

तुझाच,
मालवणचा दोस्त

ता.क. कार्ड फॉरमॅट करायचं कसं ते आधी शिकून घे. आणि वहिनींना सांग, कोकमं वाळलीत, कुणी येणारं असेल तर पाठवतो.