गावठाण बसवलं, पण ज्यांच्या गावात बसवलं त्यांचं काय?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आमच्या तालुक्यातल्या धरणग्रस्तांच्या नव्या गावठाणाची बातमी वाचली. प्लॉट वाटून झाले, रस्ता झाला, अंगणवाडीला जागा सोडली, फोटोत साहेब लोक फीत कापतायत. बातमी चांगली होती, तक्रार नाही. पण अख्ख्या बातमीत ज्या गावच्या हद्दीत हे गावठाण आलंय त्या गावाबद्दल एक ओळसुद्धा नाही. वरच्या वाडीची गुरं चरायची तो सडा, म्हणजे कातळाचा माळ, गेला, दोन-चार जणांची वरकस (उताराची हलकी जमीन) गेली, त्यांना कोणी विचारलं की नाही, काही नाही. वाचणाऱ्याला वाटेल ती जागा अशीच मोकळी पडली होती. कोकणात मोकळी पडलेली जागा कोणी दाखवा मला, कातळावरसुद्धा सातबाऱ्यात सतरा नावं असतात.

तर या निमित्ताने इंडोनेशियातल्या एका भागाबद्दल लिहायचंय. विषय लांबचा वाटेल पण नाहीये. आणि पत्र मोठं झालं तर खुशाल कापा.

मी मर्चंट नेव्हीत इंजिन रूमला होतो. सुमात्रा बेटाच्या अगदी खालच्या टोकाला लाम्पुंग नावाचा प्रांत आहे, तिथे पांजांग बंदरात आमचं जहाज पाम तेल भरायला लागायचं. टँकची तपासणी, कागदपत्रं, यात वेळ जायचा, मग शोर लीव्ह, म्हणजे जहाजावरून उतरून फिरायची सुट्टी, मिळायची. एजंटच्या गाडीचा ड्रायव्हर मूळ जावा बेटावरच्या घराण्यातला, म्हणजे त्याचा जन्म लाम्पुंगचाच, बापाचा पण, पण घरात बोलणार जावाची भाषा. तो मला शहराच्या पश्चिमेला गेडोंग तातान म्हणून भाग आहे तिकडे घेऊन गेला, कारण मी सारखं विचारत होतो की बाबा तुमचं मूळ गाव कुठलं. आपल्याकडे पहिला प्रश्न तोच असतो ना.

तिथे बागेलेन नावाचं गाव आहे. आणि जावात पण बागेलेन आहे, मध्य जावात पुरवोरेजोच्या बाजूला. १९०५ साली, तेव्हा तिथे डचांचं राज्य होतं, डच सरकारने जावातून १५५ कुटुंबं उचलून सुमात्रात आणून वसवली ती इथे, आणि लोकांनी नव्या गावाला जुन्या गावाचंच नाव लावलं. सरकारी पातळीवर माणसं हलवून वसवण्याचा इंडोनेशियातला हा पहिला प्रयोग. आज तिथे या स्थलांतराचं म्युझियम आहे. गेडोंग तातान आता पेसावारान नावाच्या जिल्ह्याचं मुख्य ठिकाण आहे, हा जिल्हा २००७ ला दक्षिण लाम्पुंगमधून वेगळा काढला. तरी अजून खेडंच म्हणायचं. भाताची खाचरं, नारळ, केळी, झाडून लख्ख केलेली अंगणं, कौलारू घरं. फोटो दाखवला तर आपला माणूस म्हणेल हे राजापूर-लांजाच्या मधलं कुठलंतरी गाव.

डचांनी हे का केलं, तर त्यांच्या राणीने १९०१ ला भाषण केलं की जावाच्या रयतेचं आपण देणं लागतो, मग धोरण ठरलं पाटबंधारे, शिक्षण आणि स्थलांतर. जावात तेव्हा ३ कोटींच्या आसपास लोक झाले होते, जमिनीचे तुकडे पडत चाललेले, आणि समुद्रापलीकडे सुमात्रात माणसं कमी. कागदावर एकदम सोपं गणित. पण दुसरं पण एक गणित होतं. सुमात्रात रबराचे वगैरे मळे उभे राहत होते, त्यांना मजूर पाहिजे होते, आणि वसाहतीतल्या कुटुंबाला जमीन द्यायची ती एवढीच की पोट अर्धं भरेल, बाकीच्यासाठी तो मळ्यावर कामाला जाणारच. गेडोंग तातानच्या बाजूला आजसुद्धा रबराचे मळे आहेत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी रांगेत झाडं आणि प्रत्येक झाडाला चीक धरायची वाटी. ते बघितलं की कल्याणकारी भाषणाचा अर्थ नीट कळतो.

सुरुवातीची वर्षं वाईट गेली. जंगल तोडायचं, मलेरिया, पाण्याची सोय नाही आणि जावाच्या माणसाला तर पाण्यातल्या भाताची सवय. बरेच जण परत पळाले. सरकार पैसे ओतून ओतून दमलं. मग पुढे १९३० च्या दशकात त्यांनी पद्धत बदलली आणि इथे मला खरंच कौतुक वाटलं. तिला बावोन म्हणतात. नवीन कुटुंबं कुठल्याही महिन्यात आणून टाकायची नाहीत, जुन्या वसाहतीत भात कापणीला यायच्या जरा आधी आणायची. मग ही लोकं जुन्यांच्या घरात, पडवीत राहणार, त्यांचं भात कापणार, आणि मजुरी म्हणून कापलेल्या भाताचा हिस्सा मिळणार. तेवढ्या भातावर त्यांनी स्वतःचं रान मोडून पहिलं पीक येईपर्यंत ढकलायचं. सरकारचा खर्च वाचला हे खरंच, त्यासाठीच केलं होतं, पण नवीन माणसाला पहिल्या दिवसापासून एक ओळखीचं घर मिळालं, बियाणं कुठलं, साप कुठे निघतो, कुठल्या व्यापाऱ्याचा काटा खोटा, हे सगळं आपोआप कळलं. आपली माणसं मुंबईला गेली तेव्हा दुसरं काय केलं? आधी गिरणगावात गाववाल्याच्या खोलीत वळकटी टाकायची, खानावळीत नाव लावायचं, आणि त्याच्याच ओळखीने खात्यात चिकटायचं.

त्याच काळात सेकाम्पुंग नदीवर अर्गोगुरूह इथे बंधारा घातला, कालवे काढले, आणि मग मेत्रो नावाच्या गावाच्या आजूबाजूला वसाहतीच वसाहती झाल्या. आलेल्या लोकांना आधी लांब पडव्यांसारख्या बराकीत ठेवायचे, त्या बराकींना बेडेंग म्हणायचे, आणि बेडेंगला नंबर असायचे. पुढे गावांना चांगली नावं पडली तरी अजून लोक पत्ता सांगताना बेडेंग अमुक नंबर असंच सांगतात. आमचा ड्रायव्हर पण बायकोचं माहेर नंबरनेच सांगत होता.

स्वातंत्र्यानंतर इंडोनेशियाच्या सरकारने हेच काम पुढे चालवलं. १९५० च्या डिसेंबरात पहिली २५ कुटुंबं निघाली, त्यातली बहुतेक लाम्पुंगलाच. मग राष्ट्राध्यक्ष सुहार्तोच्या काळात तर कारखानाच. वर्ल्ड बँकेचं कर्ज, प्रत्येक कुटुंबाला साधारण २ हेक्टर जमीन, लाकडी घर, पहिलं वर्षभर रेशन. ८० च्या दशकापर्यंत लाखो कुटुंबं हलवली, सुमात्रा, बोर्निओ, सुलावेसी, पार न्यू गिनीपर्यंत. लाम्पुंगचे आकडे बघा. १९३० ला साडेतीन लाखांच्या वर लोक, १९८० ला ४६ लाख, २०२० ला ९० लाख. लाम्पुंगच भरून गेलं. मग काय झालं माहितीये, जिथे आणून वसवत होते तिथूनच उचलून उत्तरेला हलवायची वेळ आली, जंगलात कॉफी लावून बसलेल्या लोकांना वनखात्याच्या हद्दीतून काढलं आणि दुसरीकडे नेलं. धरणग्रस्तांना परत विस्थापित करायची आपल्याकडची गोष्ट आठवते का? आपल्या कोयनेची गावं घाटाखाली ठाणे-कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत आली, तिथले जुने लोक अजून सांगतात.

आता माझा मूळ मुद्दा. या सगळ्यात मूळचे लाम्पुंगी कुठे होते? होते की. त्यांची लिपी आहे, भाषा आहे, सोन्याच्या तारेने भरतकाम केलेली तापिस नावाची लुगड्यासारखी वस्त्रं आहेत, लग्नात नवरी डोक्यावर सिगेर नावाचा मुकुट घालते. पश्चिम जावातल्या बांतेनच्या सुलतानाच्या काळापासून या मुलखातली मिरी जगभर जात होती. त्यांची जमीन कुळांच्या मालकीची, त्या कुळाला तिथे मार्गा म्हणतात. थोडी वर्षं एका ठिकाणी शेती करायची, मिरी लावायची, मग ते रान सोडून पुढे जायचं, परत फिरून यायचं. डच अधिकाऱ्याला सोडलेलं रान रिकामं दिसलं. जसं आमच्या साहेबांना सडा रिकामा दिसतो. पावसाळ्यात चार महिने त्या सड्यावर गुरं असतात, गवत कापून भारे खाली येतात, हे मे महिन्यात मोजणी करायला आलेल्या माणसाला कसं दिसणार?

काही मार्गांनी आपणहून जमीन दिली. ड्रायव्हर म्हणाला आमच्या आजोबांना जमीन दिली ती माणसं मोठ्या मनाची. असेल. पण देताना नोंद काय झाली, कायमची दिली की कसायला दिली, हद्द कुठली, हे धड लिहिलं नाही, आणि जमिनीला भाव आल्यावर नातवंडं भांडायला लागली. मूळ लोक आज स्वतःच्याच प्रांतात अल्पसंख्य आहेत, आणि जावाची मंडळी निम्म्याहून जास्त.

आणि भांडण साधं राहत नाही. दक्षिण लाम्पुंगात बालिनुरागा नावाचं बाली लोकांचं गाव आहे. १९६३ ला बालीत आगुंग ज्वालामुखी फुटला तेव्हा घरदार गेलेल्या बऱ्याच लोकांना लाम्पुंगात आणलं, त्या काळातलं हे गाव. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरच्या एका किरकोळ प्रकारावरून हे गाव आणि आजूबाजूची लाम्पुंगी गावं यांच्यात जुंपली, १४ माणसं मेली, घरं जळाली, गावच्या गाव निर्वासित झालं. ५० वर्षं शेजारी राहून. आलेल्यांची चूक, असलेल्यांची चूक, यात मला पडायचं नाही. सरकारने प्लॉट मोजून दिले आणि काम संपलं समजून गेलं, असं मला दिसतं. लाम्पुंगी लोकांत परक्या माणसाला रीतसर भाऊ करून घ्यायची प्रथा आहे, सगळ्यांसमोर, जेवण घालून. तंटा मिटवायला ती वापरतात. पण ती भांडणानंतर आठवते, आधी नाही.

आता आमच्याकडे या. आमच्या गावाशेजारी काही वर्षांपूर्वी असंच एक गावठाण बसलं, नाव घेत नाही, कारण आता कुठे लोक एकमेकांच्या बारशाला जायला लागलेत. ती माणसं भर पावसात आणून उतरवली. जुलै महिना, लावणीची गडबड, आमच्या वाडीत कोणाला मान वर करायला वेळ नाही, आणि तिकडे पत्र्याच्या शेडमध्ये बिचारी चूल पेटवायला सुकी लाकडं शोधतायत. विहीर एकच. पहिलं भांडण मार्चमध्ये पाण्यावरून, ते अपेक्षितच होतं. दुसरं शिमग्यात. पालखी घरोघर जाते, तर नव्या वाडीत जायची की नाही? आमच्या जुन्या मानकऱ्यांचं म्हणणं, त्यांची ग्रामदेवता वेगळी, त्यांनी तिथे जावं. अहो पण त्यांचं देऊळ पाण्याखाली आहे! दोन शिमगे यावरच गेले. शेवटी कौल लावला, देवीने उजवा दिला, आणि पालखी गेली. त्या दिवशी नव्या वाडीतल्या बायकांनी ओट्या भरायला जी रांग लावली ती सड्याच्या टोकापर्यंत. खात्याच्या फायलीत याची नोंद असणं शक्यच नाही.

गुरांच्या सड्याचा प्रश्न मात्र तसाच आहे. गायरान गेलं त्याच्या बदल्यात गावाला काय, हे विचारायला आम्ही इतके हेलपाटे मारले की टेबलावरचा माणूस आता आम्हाला बघून पंखा बंद करून उठतो. गुरं कमी केली लोकांनी. दुसरं काय करणार.

म्हणून विनंती एवढीच की नव्या गावठाणावर तुमचे वार्ताहर परत जातील तेव्हा (जातील ना?) वरच्या वाडीत पण जावं. कोणाची वरकस गेली, कागद झाला का, पाणी कुठून येणार, माणसं कुठल्या महिन्यात आणणार, हे विचारून छापावं. माझं ऐकाल तर कापणीच्या वेळी आणा म्हणावं, ऑक्टोबरात, आमच्याकडे तेव्हा माणूस मिळत नाही आणि मजुरी कोणालाही द्यायचीच असते. भात म्हणून घेतलं तरी आमची हरकत नाही.

आपला,
एक निवृत्त खलाशी
ता. राजापूर, जि. रत्नागिरी