बाळंतपण पुण्यातच करायचं ठरवलंय

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगणार होते, पण आई, तुझा आवाज ऐकला की माझं काही खरं नसतं, म्हणून लिहितेय. बाळंतपण पुण्यातच करायचं ठरवलंय, हॉस्पिटलात नावही घातलंय. तू न्हाणीघर नीट करून घेतलंस, शेगडी काढून ठेवलीस, हे दादाने सांगितलं तेव्हापासून झोप नाही. माहेर नकोसं झालंय असं मनातसुद्धा आणू नकोस.

कारण माझं रक्त. मी तुझ्यासारखीच ओ निगेटिव्ह, केदार पॉझिटिव्ह. बाळ पॉझिटिव्ह असलं तर बाळंतपणात त्याचं थोडं रक्त माझ्यात येतं आणि माझं शरीर त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करू शकतं. पहिल्या बाळाला सहसा काही होत नाही, त्रास पुढच्याला. परवा २८वा आठवडा लागला. कूम्ब्ज टेस्ट, म्हणजे माझ्या रक्तात त्या अँटीबॉडी आहेत का ते बघणारी, निगेटिव्ह आली, मग त्या तयारच होऊ नयेत म्हणून दंडात अँटी-डीचं इंजेक्शन दिलं. जन्मल्यावर बाळाचा गट बघतील, पॉझिटिव्ह असला तर ७२ तासांच्या आत दुसरं. शिवाय मला रक्त लागलंच तर निगेटिव्हच लागणार. देवरुखात रात्री-अपरात्री बाबांनी त्यासाठी कुठे धावायचं?

मावशीने पाठवलेलं ते ‘ओ गटाच्या बायकांना दिवस राहायला अवघड जातं’ मात्र सोडून दे. त्यावरचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत.

आई, डॉक्टरांनी घरचं विचारलं तेव्हा मी आपल्या मधल्याचं सांगितलं. पहिल्याच दिवशी पिवळा पडला, तिसऱ्या दिवशी गेला. त्या म्हणाल्या, बहुधा हेच असणार. दादा पॉझिटिव्ह, आणि त्याच्या वेळी तुला कुणी इंजेक्शन दिलं नाही. औषध १९६८ पासून होतं गं. ग्रहणाने नाही झालं ते, तू विळीवर बसलीस म्हणूनही नाही. आजी काहीही म्हणाली असली तरी नाही. आणि मी सुखरूप आले ती तुझंच रक्त घेऊन आले म्हणून. निगेटिव्ह बाळाला त्या अँटीबॉडी काही करत नाहीत.

मला साधा ताप आला तरी तू खिडकीपाशी नेऊन माझ्या डोळ्यांतला पांढरा भाग बघायचीस. मी हात झटकायचे. का बघायचीस, ते आता कळलं.

तुम्ही दोघं महिनाभर आधीच या. खालच्या मजल्याची खोली रिकामी केलीय, कमोड आहे, बाबांसाठी हाताची खुर्ची आणलीय. पोळ्यांना बाई आहेत, तू ओट्याशी उभी राहायचं नाहीस. तेल लावायला, शेक द्यायला मात्र मला तूच हवीस.

बाबा, घाटातून रात्री गाडी चालवायची नाही. बीपीच्या गोळ्या दोन महिन्यांच्या घ्या. आईचा रक्तगट कार्डावर लिहून तिच्या पर्समध्ये ठेवा, आणि तिला कधी रक्त द्यायची वेळ आली तर मधल्या बाळाचं डॉक्टरांना आधी सांगा. अँटीबॉडी अजून असू शकतात, रक्त जुळवताना त्यांना ते कळायला हवं.

आई, ट्रंकेतलं ते लाल काठाचं दुपटं आण. त्याच्यासाठी शिवलेलं आहे, माहीत आहे मला. तरी आण.

तुमची,
मनू